सिद्धता स्वतःच तपासताना : नोकरी सांभाळून केलेल्या गणिताच्या एम.एस्सी.चा अनुभव

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीतून, पूर्णवेळ नोकरी करीत, मी गणितात एम.एस्सी. केले. या अभ्यासाविषयी कोणी विचारले की पहिला प्रश्न बहुधा वेळेचा असतो. घर, नोकरी आणि मुलाची शाळा यांतून इतका वेळ कुठून काढला, असे लोक विचारतात. तो प्रश्न खरा आहे आणि त्याविषयी पुढे लिहिणारच आहे. मला मात्र त्याहून अवघड वाटला तो वेगळाच प्रश्न. समोर फळा नाही, शेजारी सहाध्यायी नाही, शंका आली तर वर्ग संपल्यावर सरांना गाठण्याची सोय नाही. अशा वेळी आपण लिहिलेली सिद्धता पूर्ण आहे की तिच्यात कुठे फट राहिली आहे, हे आपले आपण कसे ओळखायचे? दूरशिक्षणाने मला गणितातले जे काही शिकवले, त्यातला मोठा वाटा या प्रश्नाशी झगडण्यातून आला.

ओपन युनिव्हर्सिटीला १९६९ मध्ये सनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारीत तिचे पहिले विद्यार्थी शिकू लागले. मुख्यालय मिल्टन कीन्स येथे असले तरी बहुतेक विद्यार्थी तिथे कधी पाऊलही ठेवत नाहीत, आणि मीही त्यांतलीच. पदवीपूर्व वर्गांना या विद्यापीठाने पूर्वशिक्षणाची अट ठेवली नाही, हे तिचे वैशिष्ट्य सर्वांना ठाऊक आहे, गणिताच्या एम.एस्सी.साठी मात्र गणिताची चांगली तयारी असलेली पदवी लागते. पूर्ण अभ्यासक्रम १८० क्रेडिटचा. त्याचे तीस-तीस क्रेडिटचे विषय होते आणि शेवटी लघुप्रबंध. एका क्रेडिटला साधारण दहा तासांचा अभ्यास धरला जातो, म्हणजे एका विषयाला तीनशे तास. विषय ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन जूनमध्ये परीक्षेने संपत असे. वर्षाला एक विषय घेतला तर आठवड्याला आठ ते दहा तास लागतात, आणि हा अंदाज मला तरी बरोबरच आढळला; कठीण प्रकरणाच्या आठवड्यात तो अपुराही पडला.

माझी बी.एस्सी. सांगलीची, गणित विषय घेऊनच. त्यानंतर संगणक क्षेत्रातली नोकरी, पुणे, आणि लग्नानंतर लीड्स. बी.एस्सी.त आम्ही प्रमेये शिकलो, पण ती बहुतांशी लिहून काढण्यासाठी. प्रश्नपत्रिकेत कोणते प्रमेय येईल याचा अंदाज असे आणि ते पुस्तकातल्यासारखे उतरवता आले की गुण मिळत. त्या शिक्षणाची मी निंदा करीत नाही, कारण व्याख्या मनात पक्क्या बसल्या त्या तेव्हाच, आणि पुढे त्यांनी फार साथ दिली. परंतु कधी न पाहिलेल्या विधानाची सिद्धता शोधणे आणि ती दुसऱ्याला शंकेला जागा राहणार नाही अशी लिहिणे, ही सवय मला त्या वर्षांत लागली नव्हती. आकड्यांची ओढ मात्र शाळेपासूनची. देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेल्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी शोधलेल्या ६१७४ या संख्येची करामत आमच्या गणिताच्या बाईंनी फळ्यावर करून दाखवली होती. कापरेकरांनी पदव्युत्तर शिक्षण न घेता आयुष्यभर संख्यांचा अभ्यास केला, ही गोष्ट मला तेव्हाही मोठी वाटली आणि आजही वाटते. म्हणून अभ्यासक्रमाच्या दोन प्रवेश-विषयांपैकी एक निवडायची वेळ आली तेव्हा मी कॅल्क्युलस ऑफ व्हेरिएशन्स बाजूला ठेवून ॲनालिटिक नंबर थिअरी, म्हणजे अनंत श्रेणी आणि कलनाच्या साधनांनी संख्यांचा अभ्यास, हा विषय घेतला.

२०१३ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेला हा विषय टॉम अपोस्टोल यांच्या १९७६ मधील पाठ्यपुस्तकावर आधारलेला होता. त्याच्याबरोबर विद्यापीठाच्या छापील टिपणवह्या येत. कोणता भाग आधी वाचायचा, कोणती उदाहरणे सोडवायची, पुस्तकाने एका ओळीत उरकलेली पायरी प्रत्यक्षात कशी भरायची, हे त्या टिपणांत असे आणि बऱ्याच उदाहरणांची उत्तरेही मागे दिलेली असत. पहिल्या विषयात पुस्तकाची पहिली सात प्रकरणे होती. सातव्या प्रकरणाचा कळस म्हणजे डिरिक्ले यांचे १८३७ चे प्रमेय. दोन सहमूळ संख्या घ्या. एकीपासून सुरुवात करून दुसरी पुन्हा पुन्हा मिळवत गेलात तर त्या श्रेढीत अनंत मूळ संख्या सापडतात. साध्या भाषेत, एककस्थानी १ असलेल्या, ३ असलेल्या, ७ असलेल्या आणि ९ असलेल्या मूळ संख्या प्रत्येकी अनंत आहेत. विधान आठवीतल्या मुलालाही समजेल असे, आणि सिद्धतेला लागतात अनंत श्रेणी, गटांवरची ‘कॅरेक्टर’ नावाची फले (फंक्शन्स) आणि एक विशिष्ट बेरीज शून्य होत नाही हे दाखवण्याची खटपट. सगळा भार त्या शेवटच्या खटपटीवर आहे. हे प्रमेय मी प्रथम नीट समजून घेतले तो आठवडा मला अजूनही या संपूर्ण अभ्यासातला सर्वात आनंदाचा वाटतो.

पण सिद्धतेतल्या फटीबद्दल बोलायचे तर तिसऱ्या प्रकरणाकडे जावे लागेल. प्रत्येक संख्येला किती विभाजक असतात ते पाहिले तर आकडे अतिशय अनियमित असतात. ९६ ला बारा विभाजक आणि शेजारच्या ९७ ला दोनच. तरीही १ पासून क्षपर्यंतच्या प्रत्येक संख्येला किती विभाजक आहेत त्या आकड्यांची बेरीज मात्र फार शिस्तीने वाढते. ती साधारण क्ष गुणिले क्षचा नैसर्गिक लॉगरिथम इतकी असते. सरळ मार्गाने गेले तर या अंदाजातली त्रुटी क्षच्या पटीत राहते. डिरिक्ले यांनी १८४९ मध्ये ही बेरीज म्हणजे एका अपास्त (हायपरबोला) वक्राखालच्या पूर्णांक बिंदूंची मोजणी आहे असे पाहिले, वक्राची दोन्ही अंगांची सममिती वापरली, आणि क्षच्या पटीतले पुढचे पद नेमके काढून उरलेली त्रुटी क्षच्या वर्गमुळापर्यंत खाली आणली. एवढीशी युक्ती आणि एवढा मोठा फायदा! ही त्रुटी नेमकी किती लहान आहे, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. व्होरोनॉय यांनी १९०३ मध्ये वर्गमुळाऐवजी जवळजवळ घनमुळापर्यंत मजल मारली, तर वर्गमुळाचेही वर्गमूळ घेतले तर येईल त्याच्या खाली ती जाऊ शकत नाही, हे हार्डी आणि लँडाऊ यांनी दाखवले. पाठ्यपुस्तकातल्या एका उदाहरणापासून आजच्या संशोधनापर्यंतचे अंतर किती कमी असू शकते, हे मला इथे पहिल्यांदा जाणवले.

या सगळ्या प्रकरणात त्रुटी लिहिण्यासाठी ‘बिग-ओ’ हे चिन्ह वापरतात. ‘ही त्रुटी क्षच्या वर्गमुळाच्या एखाद्या ठरावीक पटीपेक्षा मोठी होत नाही’ हे सांगण्याची ती एक सोयीची पद्धत. सोय इतकी की हात आपोआप ते चिन्ह लिहीत जातो. पण ‘ठरावीक पट’ म्हणजे कोणावर अवलंबून ठरावीक? समजा विधानात क्षखेरीज आणखी एक संख्या आहे, आणि त्या संख्येच्या प्रत्येक किमतीसाठी वेगळी पट लागते. मग अशा अनेक त्रुट्यांची बेरीज करताना प्रत्येकीतली पट वाढत वाढत जाऊन बेरजेचा अंदाज कोलमडू शकतो. कागदावर मात्र सर्व ओळी सारख्याच स्वच्छ दिसतात. चिन्ह तेच, मांडणी तीच, आणि फट चिन्हाच्या आत दडलेली. वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला कोणीतरी हात वर करून हे विचारलेले ऐकायला मिळते. एकट्याने शिकणाऱ्याला तो हात स्वतःच वर करावा लागतो.

वर्षभरात ठरावीक तारखांना असाइनमेंट पाठवायच्या आणि नेमून दिलेल्या ट्यूटरनी त्या तपासून परत करायच्या, अशी व्यवस्था होती. माझ्या मते या शिक्षणाचा कणा म्हणजे तपासून आलेली ही पाने. माझ्या ट्यूटर बाई गुण देण्यात उदार होत्या आणि समासात लिहिण्यात त्याहून उदार होत्या. उत्तराला पूर्ण गुण देऊनही त्या बाजूला लिहीत, ‘इथला स्थिरांक कशाकशावर अवलंबून आहे?’ किंवा ‘बेरजांचा क्रम बदललात, कोणत्या आधारावर?’ किंवा ‘हे गृहीतक तुम्ही कुठे वापरले ते मला दिसले नाही; ते काढून टाकले तर विधान खरे राहील का?’ या शेवटच्या प्रश्नावर मी दोन संध्याकाळी घालवल्या आणि गृहीतक काढून टाकल्यावर विधान मोडते असे उदाहरण अखेर सापडले. ते मी बाईंना कळवले तेव्हा त्यांचे एका ओळीचे, मनापासून आनंद झालेले उत्तर आले. आम्ही कधी भेटलो नाही. पण माझे गणित इतक्या बारकाईने दुसऱ्या कोणीही वाचलेले नाही.

त्या प्रश्नांतूनच माझी कामाची पद्धत घडत गेली. सिद्धता लिहून झाली की ती लगेच पाठवायची नाही, चार-पाच दिवस बाजूला ठेवायची. मग लिहिणारी मी नव्हेच, अशा वृत्तीने ती वाचायची आणि प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने तिचे कारण लिहायचे. ती ओळ व्याख्येवरून आली, आधीच्या प्रमेयावरून आली, की नुसती वाटते म्हणून आली? ‘स्पष्टच आहे’ हा शब्दप्रयोग जिथे लेखणीतून उतरला असेल तिथे हमखास थांबायचे. शेवटी दिलेल्या गृहीतकांची यादी करून प्रत्येकाचा उपयोग कुठे झाला ते शोधायचे. एखादे गृहीतक वापरलेच गेले नसेल तर एक तर आपण जास्त बलवान विधान सिद्ध केले आहे, किंवा, आणि हेच बहुधा खरे असते, कुठेतरी नकळत उडी मारली आहे. या कामाला वेळ लागतो, पण प्रकरण पुन्हा वाचण्यापेक्षा त्याने समज कितीतरी पटींनी वाढते, असे माझे ठाम मत आहे.

संगणकावर पडताळून पाहण्याची सवय मला नोकरीमुळे होतीच. दहा लाखांपर्यंत ७८,४९८ मूळ संख्या आहेत, आणि क्षला त्याच्या नैसर्गिक लॉगरिथमने भागण्याच्या जुन्या अंदाजाने उत्तर येते सुमारे ७२,३८२. असे तक्ते करताना विषयाशी जवळीक वाढते आणि चुकीचे सूत्र लगेच उघडे पडते. पण या विषयाने आकड्यांवर विसंबण्याची मर्यादाही स्पष्ट दाखवली. मूळ संख्यांची मोजणी करणारा आणखी एक, अधिक चांगला अंदाज आहे, गाऊस यांच्या नावाने ओळखला जाणारा. जिथवर तक्ते केले गेले तिथवर तो अंदाज खऱ्या मोजणीपेक्षा नेहमी किंचित जास्तच येतो. तरीही हे कायम टिकत नाही, खरी मोजणी त्या अंदाजाला अनंत वेळा ओलांडते, हे लिटलवुड यांनी १९१४ मध्ये सिद्ध केले. रामानुजनांनी १९१३ मध्ये हार्डींना पाठवलेल्या पत्रांतली मूळ संख्यांच्या मोजणीविषयीची विधाने, आकड्यांशी विलक्षण जुळत असूनही, त्यांनी मानली होती तितकी अचूक नव्हती. त्यांच्यासारख्या प्रतिभेलाही जिथे सिद्धतेशिवाय भागले नाही, तिथे आपण प्रत्येक पायरीचा आधार मागितला तर त्यात अति चिकित्सा काहीच नाही.

आता वेळेविषयी. माझ्या अनुभवात तासांच्या बेरजेपेक्षा त्यांचा सलगपणा महत्त्वाचा ठरला. कामावर जाताना गाडीत अर्धा तास मिळे, पण त्यात व्याख्या वाचणे आणि सोडवलेली उदाहरणे डोळ्यांखालून घालणे यापलीकडे काही होत नसे. सिद्धता शोधायला टेबल, कोरे कागद आणि किमान दीड-दोन तास सलग लागतात, कारण पहिला अर्धा तास तर आपण मागे कुठे थांबलो होतो ते गोळा करण्यातच जातो. लीड्सच्या हिवाळ्यात आठ वाजेपर्यंत उजाडत नाही. त्या अंधाऱ्या पहाटा मी अभ्यासासाठी घेतल्या. शनिवारची सकाळ नवऱ्याने मुलाला पोहायला नेण्यासाठी वाटून घेतली होती आणि ती त्याने वर्षानुवर्षे पाळली. घरातल्या माणसाने असा वेळ मोकळा करून दिल्याखेरीज हा अभ्यास होत नाही, निदान बाईमाणसाचा तरी होत नाही, हे मी अगदी स्पष्टपणे लिहू इच्छिते. आईला फोनवर मी काय करते ते सांगताना ‘या वयात परीक्षा कशाला’ असे ती एकदाच म्हणाली. त्यानंतर मात्र जून आला की पेपर कधी आहे, हे तीच विचारू लागली.

दुसऱ्या वर्षी घेतलेल्या कॅल्क्युलस ऑफ व्हेरिएशन्सने ‘फट’ या गोष्टीचा अगदी वेगळा चेहरा दाखवला. इथे संख्या शोधायची नसून एखादा वक्र किंवा पृष्ठ शोधायचे असते, ज्याने दिलेली राशी सर्वात लहान होईल. ऑयलर आणि लाग्रांज यांच्या समीकरणाने उमेदवार सापडतो. मात्र न्यूनतम करणारे काही अस्तित्वातच आहे का, हा प्रश्न ते समीकरण विचारत नाही. दोन सारख्या गोल कड्यांमध्ये साबणाच्या पाण्याचा पडदा धरला तर त्याला एक सुंदर कमरेचा आकार येतो. कडी एकमेकांपासून त्रिज्येच्या साधारण १.३३ पट अंतरापलीकडे नेली की समीकरणाला तसे गुळगुळीत उत्तरच उरत नाही, आणि प्रत्यक्षातही पडदा फुटून दोन्ही कड्यांवर दोन सपाट चकत्या उरतात. उत्तर असणारच असे धरून चालणे ही किती मोठी उडी आहे, हे मुलाबरोबर बादलीत कडी बुडवून मी डोळ्यांनी पाहिले.

त्यानंतरच्या विषयांबद्दल थोडक्यात. नंबर थिअरीचा दुसरा भाग अपेक्षेप्रमाणे कठीण आणि अपेक्षेपेक्षा अधिक सुंदर निघाला. कोडिंग थिअरी, म्हणजे संदेशातल्या चुका ओळखून दुरुस्त करता येतील अशा संकेतांचे गणित, त्या मानाने सोपी गेली, कारण तिथली गणिते सांत असतात आणि उत्तर तपासता येते. फ्रॅक्टल भूमितीत मात्र व्याख्यांनीच बराच काळ घेतला. लेखी परीक्षा तीन तासांच्या. त्यांत वेग लागतो, आणि सावकाश विचार करण्याची जी सवय वर्षभर जोपासली तिला तिथे आवर घालावा लागतो. म्हणून मे महिन्यात नवे काही न वाचता जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवणे हा एकच उपाय मी केला आणि तो पुरला.

लघुप्रबंधासाठी मी रीमान पृष्ठांचा, म्हणजे संमिश्र संख्यांवरची फले नीट मांडता यावीत म्हणून कल्पिलेल्या पृष्ठांचा, विषय घेतला, आणि तिथे साऱ्या धाग्यांची गाठ पडली. रीमान यांनी १८५१ च्या आपल्या प्रबंधात विशिष्ट फलांचे अस्तित्व दाखवताना अशा एका तत्त्वाचा आधार घेतला की अमुक राशी न्यूनतम करणारे फल असतेच. त्यांनी त्याला पुढे डिरिक्ले यांचेच नाव दिले. १८७० मध्ये वायरश्ट्रास यांनी दाखवून दिले की असे न्यूनतम नेहमी गाठले जातेच असे नाही. सिद्धांत खरा, निष्कर्ष खरे, आणि पायातली एक शिळा सुटी. हिल्बर्ट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती घट्ट बसवून दिली. मधल्या तीस वर्षांत हीच प्रमेये दुसऱ्या वाटांनी सिद्ध करण्याच्या प्रयत्नांतून किती नवे गणित निर्माण झाले, ते लिहिण्यातच माझा बराचसा लघुप्रबंध गेला. मार्गदर्शकांशी संवाद पत्रांतून आणि अधूनमधून फोनवर होई. मसुदा मी लाटेक या गणिती मजकूर टंकण्याच्या संगणक प्रणालीत टंकला. ते शिकायला सुरुवातीला वेळ गेला, पण समीकरण टंकताना प्रत्येक चिन्ह जाणीवपूर्वक लिहावे लागते आणि त्यामुळे सैल ओळी आपोआप नजरेत भरतात, हा फायदा मला आधी कोणी सांगितला नव्हता.

भारतातून, विशेषतः महाराष्ट्रातून, असा अभ्यास करू इच्छिणारे काही जण मला विचारतात. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा गणिताचा एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे आणि त्यांचे छापील साहित्य मी संदर्भासाठी वापरलेलेही आहे. ते स्वतः शिकणाऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असल्याने खूप उपयोगी पडते. विद्यापीठ कोणतेही निवडा, पण प्रवेश घेण्याआधी एक गोष्ट जरूर करावी. रिअल ॲनालिसिसचे एखादे चांगले पुस्तक घेऊन अभिसारी श्रेणींवरचे एक प्रकरण, उत्तरे न पाहता, महिनाभर सोडवावे आणि लिहिलेल्या सिद्धता गणित जाणणाऱ्या एखाद्या माणसाला वाचायला द्याव्यात, मग तो जुन्या कॉलेजातला प्राध्यापक असो की मित्र. त्या माणसाने समासात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात रस वाटला, तर अर्ज भरायला हरकत नाही. प्रवेश मिळाल्यावरही त्या वाचणाऱ्याला सोडू नये, कारण विद्यापीठाच्या ट्यूटरकडे पाने जातात ती ठरावीक तारखांना, आणि शंका मात्र रोज येतात.